बाळाचं पुस्तक कुणाच्या जिभेसाठी?

२०२५च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदीचा निर्णय काढला, जूनच्या मध्यावर त्यात फेरफार केला आणि जून संपायच्या आत तो मागे घेतला. तेवढ्या काळात लहान मुलांच्या भाषेवर घराघरांत जे बोललं गेलं, ते शाळेपुरतं राहिलं नाही. वाद पहिलीतून बालवाडीत उतरला आणि बालवाडीतून पाळण्यात. सहा महिन्यांच्या बाळाला कोणतं पुस्तक वाचून दाखवावं, यावरून नव्या आईबाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आता तितक्याच तावातावाने भांडणं होतात. एक पक्ष म्हणतो, इंग्रजीच; नंतर पोर मागे पडायला नको. दुसरा म्हणतो, मराठीच. आणि त्यातही पंचतंत्र, शिवबा, श्रावणबाळ, म्हणजे संस्कार वेळेत होतील. तिसरा या दोघांनाही हसतो: जे पोर पुस्तक तोंडात घालतं त्याला वाचून काय दाखवायचं? आमच्या आज्यांनी कुठे पुस्तकं वाचली होती?

या तिघांच्या भांडणात एक माणूस कुणालाच दिसत नाही, तो म्हणजे वाचणारा. बाळाच्या पुस्तकातला मजकूर बाळापर्यंत पोचतो तो कुणाच्या तरी आवाजातून, कुणाच्या तरी मांडीवर, कुणाच्या तरी दमलेल्या संध्याकाळी. म्हणून माझं मत असं आहे: मूल साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत पुस्तक निवडताना पहिला विचार वाचणाऱ्याच्या जिभेचा करावा. ज्या भाषेत वाचताना वाचणारा अडखळत नाही, ज्या वाक्यांची लय त्याच्या तोंडात बसते, जे वाचता वाचता चार शब्द पदरचे घालावेसे वाटतात, ते पुस्तक त्या घरासाठी चांगलं. विषय, बोध, भाषेची प्रतिष्ठा हे सगळं त्यानंतर. हे बोलायला सोपं वाटतं, पण असं म्हटलं की तिन्ही पक्षांचं काही ना काही बिघडतं.

बाळाला काय कळतं याबद्दल अंदाज बांधत बसायची गरज नाही, त्यातलं बरंच तपासून झालं आहे. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकन संशोधकांनी १९८०मध्ये दाखवलं, की जन्मून जेमतेम तीन दिवस झालेली बाळं चोखणी चोखण्याचा वेग बदलून परक्या बाईच्या आवाजाऐवजी आईचा आवाज ‘लावून घेतात’. सहा वर्षांनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी गरोदर बायांना शेवटचे काही आठवडे एकच उतारा रोज मोठ्याने वाचायला सांगितला. जन्मल्यावर बाळांनी तोच उतारा पसंत केला, आणि तो दुसऱ्या बाईच्या आवाजात असला तरी पसंत केला. पोटातल्या बाळाला उताऱ्याचा अर्थ कळला असं कुणी म्हणणार नाही. त्याच्या कानात राहिली ती त्या मजकुराची चाल. तिसरा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सिॲटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी भाषा बोलणारी माणसं बसवली. बारा बैठका झाल्या, पुस्तकं वाचली, खेळणी हाताळली, आणि ज्या चिनी ध्वनींमधला फरक एरवी त्या वयाच्या अमेरिकन बाळांना निसटायला लागतो तो या बाळांनी पकडला. तीच माणसं, तोच मजकूर चित्रफितीवर दाखवला तेव्हा मात्र काहीच साधलं नाही. ध्वनी तेच असताना फरक पडला तो कशाने? समोरच्या माणसाने. तो बाळाकडे बघतो, थांबतो, त्याने ‘आँ’ केलं की आपणही ‘आँ’ करतो.

आता इंग्रजीवाल्यांकडे वळू. त्यांची टर उडवणं सोपं आहे, पण ते चुकीचं ठरेल. या राज्यात इंग्रजी येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला वेगळी नोकरी मिळते, वेगळा पगार मिळतो, बँकेत आणि कोर्टात वेगळी वागणूक मिळते. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांपासून ही भाषा मुद्दाम दूर ठेवली गेली, त्यांनी ती पोराला लवकर द्यायची धडपड केली तर त्याला न्यूनगंड म्हणायचा अधिकार कुणाला आहे? शिवाय त्यांच्या हातात एक शास्त्रीय पुरावाही आहे, आणि तो आपल्याच भाषांतल्या ध्वनींवर उभा आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. कान इतक्या लवकर मिटत असतील तर इंग्रजीला उशीर कशाला करायचा, असा त्यांचा सवाल आहे.

सवाल रास्त आहे, पण उत्तर त्याच प्रयोगांत आहे. कान उघडे राहतात ते घरातली माणसं मनापासून बोलतात त्या ध्वनींसाठी. पुस्तकावर कुठली लिपी छापली आहे याच्याशी कानाचा काय संबंध? इंग्रजी ज्यांच्या तोंडात बसलेली नाही असे आईबाबा इंग्रजी पुस्तक वाचतात तेव्हा त्यातला प्रत्येक टी आपल्या ‘ट’सारखाच उमटतो. म्हणजे बाळाला नवा ध्वनी मिळतच नाही, उलट असलेली सहजता जाते. पान संपतं, वाचणारा थांबतो, कारण पुढे स्वतःचं काही जोडायचं तर इंग्रजी वाक्य जुळवावं लागतं. ‘धिस इज अ क्रो’ म्हणून झालं की क्रोबद्दल बोलायला काही उरत नाही. कावळ्याबद्दल मात्र बोलायला खूप असतं. तो सकाळी आला होता, त्याने शेजारच्या काकूंची पोळी पळवली, तो काव काव करतो, तू कसं करतोस? बाळाची भाषा वाढते ती छापलेल्या वाक्यापेक्षा या जोडलेल्या बोलण्यावर. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, ते सगळ्यांना पाठ आहे. पण ते दूध स्वतः त्यांनी दात आल्यावर प्यायलं, आणि ते पचवून १८७४मध्ये निबंधमाला काढली ती मराठीत.

माझ्या कसोटीचा दुसरा अर्थही मी लपवत नाही, जरी तो मराठीच्या अभिमान्यांना आवडणार नाही. एखादी आई इंग्रजी माध्यमात शिकलेली असेल, इंग्रजीत विनोद करत असेल, इंग्रजीत चिडत असेल, आणि देवनागरी वाचताना तिला जोडाक्षरावर थांबावं लागत असेल, तर तिने बाळाला इंग्रजी पुस्तकच वाचून दाखवावं. बाबांनी मराठी वाचावं, आजोबांनी हैदराबादेतून व्हिडिओ कॉलवर तेलुगू गाणं म्हणावं. एका घरात दोन-तीन भाषा ऐकून बाळ गोंधळतं, ही भीती जुनी आहे आणि निराधार आहे. मुंबई-पुण्यात किंवा न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी घरांना हे निराळं सांगायला नको. ‘मातृभाषा’ या शब्दावर आपण इतकी व्याख्यानं देतो, की त्या आईला प्रत्यक्षात कुठली भाषा येते हे विचारायचं राहून जातं.

या भांडणाला जे भीतीचं इंधन मिळतं, त्याचा उगम बऱ्याच अंशी एका आकड्यात आहे. बेटी हार्ट आणि टॉड रिझ्ली यांनी १९९५मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस भागातल्या ४२ कुटुंबांच्या नोंदींवरून असं काढलं, की गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. आकडा जगभर गेला, ४२ कुटुंबं मागे राहिली. पुढे २०१८मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वस्त्यांतली घरं तपासली, बाळाच्या आसपास इतर माणसं बोलतात तेही मोजलं, आणि तशी दरी त्यांना आढळली नाही. पण तोवर शब्द मोजून बाळाला भरवण्याची बाजारपेठ उभी राहिली होती. बाळांना हुशार करणाऱ्या चित्रफितींचं ‘बेबी आइन्स्टाइन’ १९९६मध्ये सुरू झालं, २००१मध्ये डिस्नेने विकत घेतलं आणि २००९मध्ये त्याच डिस्नेने ग्राहकांना पैसे परत देऊ केले. आज आपल्याकडे बटण दाबलं की बोलणारी पुस्तकं मिळतात, त्यांचाही वंश तोच. ॲना सोसा यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा ते सोळा महिन्यांच्या बाळांशी खेळताना आईबाप आवाज करणाऱ्या खेळण्यांबरोबर सगळ्यांत कमी बोलले आणि साध्या पुस्तकांबरोबर सगळ्यांत जास्त. वस्तू बोलायला लागली की माणूस गप्प बसतो. ते बटणाचं पुस्तक कुणी बारशाला दिलंच, तर सेल काढून वापरावं.

संस्कारवाल्यांचा मामला मला जास्त गुंतागुंतीचा वाटतो, कारण त्याची मुळं आपल्या छपाईच्या इतिहासात खोल गेली आहेत. मराठीत मुलांसाठी छापलेली पहिली पुस्तकं कोणती? एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात इसापाच्या कथा मराठीत आल्या. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८च्या सुमारास बाळमित्र आणि इसापनीती आणली. दोन्ही भाषांतरं, आणि दोन्हींचा हेतू वाचणाऱ्या मुलाला सद्वर्तनी करण्याचा. कथेच्या शेवटी ‘तात्पर्य’ असायचं आणि ते गोष्टीपेक्षा ठसठशीत. छत्र्यांना मी दोष देत नाही. शाळाच नव्या होत्या, गद्यच नवं होतं, त्यांनी दोन्हींना आधार दिला. पण त्या तात्पर्याची सवय आपल्याला अशी जडली, की दोनशे वर्षांनी आठ महिन्यांच्या बाळासाठी पुस्तक घेतानाही आपण मागचं पान उलटून ‘यातून काय शिकायला मिळतं’ ते बघतो. बाळमित्र निदान वाचता येणाऱ्या मुलासाठी होतं. ज्याला मगर म्हणजे काय हे माहीत नाही, ‘काल’ आणि ‘उद्या’ यांचा पत्ता नाही, दुसऱ्या पानावर आल्यावर पहिलं पान लक्षात राहत नाही, त्याने माकड आणि मगरीच्या मैत्रीतून मित्राची पारख शिकावी? पाच वर्षांचं होऊ द्या, ती गोष्ट त्याला इतकी आवडेल की तात्पर्याची गरज पडणार नाही.

आणि आपली परंपरा म्हणजे काही इसापनीती नव्हे. परंपरेचं नाव घ्यायचंच तर जात्याजवळ जाऊ. पहाटे बाई दळायला बसायची, मांडीवर किंवा शेजारी झोळीत तान्हं मूल असायचं आणि ती ओवी म्हणायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून, सहकाऱ्यांच्या मदतीने अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचल्यावर एक गोष्ट चटकन ध्यानात येते, की त्यांतल्या पुष्कळशा बाळासाठी नाहीतच. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सासूचा जाच आहे, विठ्ठल आहे, सीतेचा वनवास आहे, अलीकडच्या ओव्यांत बाबासाहेबही आहेत. बाईला जे म्हणायचं होतं ते ती म्हणत होती, आणि बाळ ते ऐकत होतं. त्या मजकुरात बाळाच्या वयाला ‘योग्य’ असं काय होतं? काहीच नाही. जात्याची घरघर होती, तिच्यावर बसलेली चाल होती, आणि आवाज अगदी मनातून येत होता. वाचणाऱ्याच्या जिभेला पहिला मान द्या असं मी म्हणतो तेव्हा नवं काही सांगत नाही. महाराष्ट्राच्या बायांनी कित्येक पिढ्या हेच केलं आहे.

संस्कारवाल्यांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे, फक्त त्यांच्या मनातल्या कारणासाठी नाही. चित्रांत काय आहे याने फरक पडतो. आई कायम ओट्याशी आणि बाबा कायम पेपरमागे, सगळी बाळं गोरी आणि सोनेरी केसांची, घर म्हटलं की उतरत्या छपराचं आणि धुराड्याचं, ही चित्रं मला नकोत. बाळ त्यातून लगेच काही शिकेल म्हणून नव्हे. ते पुस्तक शंभर वेळा उघडलं जाणार असतं, आणि शंभर वेळा ते आपण मोठी माणसं बघणार असतो. शिवाय चित्राबद्दल बोलायचं तर चित्रातली वस्तू घरात, खिडकीत, गल्लीत असलेली बरी. झाडू, वाटी, पंखा, एसटी, शेळी, कावळा. पानावर बोट ठेवायचं आणि तेच बोट खिडकीकडे न्यायचं, ही या वयातल्या वाचनातली सगळ्यांत कसदार घटना आहे. इग्लू वाईट नाही, पण त्याच्याकडे बोट न्यायला खिडकी नाही. एवढ्यासाठी ताराबाई मोडकांकडे बघावं. त्या मॉन्टेसरीच्या कट्टर अनुयायी होत्या, गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. पण पुढे बोर्डीला आणि कोसबाडला अनुताई वाघांबरोबर काम करताना त्यांनी आयात साधनांचा हट्ट धरला नाही. बिया, शिंपले, खडे, पानं, वारल्यांच्या पाड्यावरची गाणी यांतून साधनं केली. पद्धत बाहेरची होती, सामान मात्र अंगणातलं. आपल्या पुस्तकांच्या दुकानात याच्या नेमकं उलट दिसतं: वाक्यं मराठी, आणि चित्रांत बर्फ.

वाक्यं मराठी असंही मी जरा उदार होऊन म्हटलं. बाळांसाठीच्या कितीतरी मराठी पुस्तकांत, विशेषतः घाईघाईच्या भाषांतरांत, कोणत्याच घरात बोललं जात नाही असं मराठी असतं. ‘ससा अत्यंत आनंदित झाला’, ‘चला, आपण रंगांची ओळख करून घेऊया’. कोणत्या आईने आजवर बाळाला ‘आनंदित’ म्हटलं आहे? छापील मराठी आणि बोली मराठी यांत तसंही अंतर आहे. आपण ‘पाणी सांडले’ छापतो आणि ‘पाणी सांडलं’ म्हणतो. मोठा वाचक हे अंतर डोळ्यांनी मिटवतो, मोठ्याने वाचणाऱ्याला ते तोंडाने मिटवावं लागतं आणि तिथे लय तुटते. चंद्रपूरच्या किंवा मालवणच्या आजीला तर आणखी एक पायरी. पुस्तकातलं वाक्य आधी पुणेरी, मग ते आपल्या बोलीत आणायचं. तिने ते बिनदिक्कत आणावं. ‘शुद्ध वाच ना आई’ असं तिला सांगणाऱ्या सुनामुलांनी स्वतः वाचायला बसावं आणि आजीइतकं हसवून दाखवावं. खरेदीची माझी रीत यातूनच आली आहे: दुकानात उभं राहून दोन पानं मोठ्याने वाचायची. लाज वाटली तर पुटपुटत. जीभ जिथे अडते ते पुस्तक फळीवर परत. चांगला मजकूर आहे, नाही असं नाही. माधुरी पुरंदरे यांच्यासारखी लेखिका-चित्रकार मराठीत आहे, पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने चित्रपुस्तकं जिव्हाळ्याने काढली आहेत, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर २०१५पासून मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं फुकट वाचता, छापता आणि बदलताही येतात. ‘बदलता येतात’ हे आपल्या बोलींसाठी फार मोलाचं आहे.

तिसरा पक्ष, ‘आजी पुरेशी आहे’ म्हणणारा, मला तिघांत सगळ्यांत बळकट वाटतो. आत्ताच मी ओवीचं कौतुक केलं, मग पुस्तक हवंच कशाला? अडगुलं मडगुलं आहे, इथे इथे बस रे मोरा आहे, आणि त्यांत बाळाच्या तळहातावर बोट फिरतं, गाल ओढला जातो, ते कुठलं पुस्तक देणार? खरं आहे. ज्या घरात दिवसभर कुणी ना कुणी बाळाशी असं बोलत असेल, त्या घराने पुस्तकाची चिंता करू नये. पण ते घर आता किती ठिकाणी आहे? जातं गेलं, दळण गिरणीत गेलं आणि बायांच्या मनगटांची सुटका झाली, ते चांगलंच झालं. त्याबरोबर बाळाच्या कानावर लयीतला माणसाचा आवाज पडण्याचा रोजचा ठरलेला तास मात्र गेला, आणि त्या जागी काय आलं? दोन खोल्यांत दोन दमलेली माणसं आणि दोन मोबाइल. ‘बाळाशी बोला’ असं त्यांना सांगून भागत नाही. काय बोलायचं? पुस्तक त्यांना निमित्त देतं, हाताला काम देतं, तोंडाला सुरुवात करून देतं. एक आणखी कारण आहे. जेसिका मोंटॅग आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये शंभर इंग्रजी चित्रपुस्तकांतले शब्द मुलांशी होणाऱ्या रोजच्या बोलण्याशी ताडून पाहिले, तेव्हा पुस्तकांत वेगवेगळे शब्द जास्त निघाले. हे न मोजताही पटण्यासारखं आहे. रोजच्या बोलण्यात आपण बाळाला ‘मम् घे, हात धू, नको ना’ यांच्या पलीकडे क्वचित नेतो. पुस्तकात अचानक घुबड येतं, खाडी येते, चिखल येतो.

आणि आजीला लिहिता-वाचता येत नसेल तर? तिच्यासाठी बिनशब्दांची चित्रपुस्तकं आहेत. ती चित्र बघून आपल्या शब्दांत सांगते. तेही वाचनच, आणि कित्येकदा छापील वाक्य वाचण्यापेक्षा ते जास्त रंगतं. साक्षरता ही बाळाला वाचून दाखवण्याची पूर्वअट आहे असं मानलं, तर ज्या घरांना याचा सगळ्यांत जास्त उपयोग तीच घरं आपण दाराबाहेर ठेवू.

बाळाच्या बाजूने मागण्या फार थोड्या आहेत. नवजात बाळाला वीत-सव्वा वीत अंतरावरचंच नीट दिसतं, म्हणून ठळक, मोठी, गर्दी नसलेली चित्रं. काळी-पांढरी कार्डं पहिल्या काही आठवड्यांत ठीक आहेत, पण त्यांचे संच जमवण्यात अर्थ नाही. पानं जाड पुठ्ठ्याची, कोपरे गोल, शाई आणि चकाकी तोंडात जाणार हे धरून. जुडी डीलोश यांनी १९९८मध्ये नोंदवलं, की नऊ महिन्यांची बाळं चित्रातली वस्तू उचलायला बघतात, कागद खरवडतात. दीड वर्षाच्या पुढे तीच बाळं बोट दाखवायला लागतात. तेव्हा खरवडणाऱ्या बाळाला ‘फाडू नको’ म्हणून पुस्तक वर ठेवलं तर बोट दाखवायची वेळ येणार कधी? आणि एकच पुस्तक तिसाव्यांदा मागितलं तर तिसाव्यांदा वाचावं. इथेही वाचणाऱ्याचाच प्रश्न येतो, कारण तिसाव्या वेळी जे पुस्तक वाचणाऱ्याला कंटाळवाणं होतं ते चाळिसाव्या वेळेपर्यंत हळूच सोफ्याखाली जातं.

हा प्रश्न घरापुरता असता तर मी इतकं लिहिलं नसतं. पुठ्ठ्याचं पुस्तक छापायला महाग, मराठीत आवृत्ती लहान, म्हणून किंमत चढी आणि दुकानांत इंग्रजीचा ढीग. ज्या आईच्या जिभेला मराठी हवी तिच्या हातात इंग्रजी पडते, ती बहुतेकदा निवड नसतेच. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली मान्यता आणि अनुदान मिळणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांत बालविभाग असतो तो वाचता येणाऱ्या मुलांचा. दोन वर्षांखालचं मूल ग्रंथालयाचा वाचक आहे, हे आपल्या मनातच नाही. ब्रिटनमध्ये १९९२ला बर्मिंगहॅमच्या तीनशे कुटुंबांपासून ‘बुकस्टार्ट’ सुरू झालं, त्यात ग्रंथालय आणि आरोग्यसेवा एकत्र आल्या. अमेरिकेत १९८९मध्ये बोस्टनच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी तपासणीला आलेल्या बाळांच्या हाती पुस्तक द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे यासाठी लागणारी माणसं आधीच आहेत. नऊ महिने झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लशीसाठी बाळ आणतात तेव्हा तिथे आशाताई असते, अंगणवाडी सेविका असते, आणि बाळ नेमकं चित्र खरवडायच्या वयात असतं. २०२४मध्ये केंद्राने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडाही काढला आहे. तेव्हा सेविकेवर आणखी एक रजिस्टर न लादता पुस्तक देणं अशक्य नाही.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खरा आहे: सरकारने घेतलं की एकच पुस्तक लाखांनी छापलं जाईल, निविदा सगळ्यांत स्वस्त पुठ्ठ्याची निघेल, आत दहा सुविचार असतील आणि मागे मंत्र्यांचा फोटो. म्हणून खरेदी खाली सोडावी. अंगणवाडी प्रकल्पाच्या पातळीवर वीस-पंचवीस पुस्तकं ठेवावीत, सेविकांनी ती आपल्या पाड्यावर, आपल्या बोलीत मोठ्याने वाचून बघावीत आणि जी तोंडात बसतात ती मागवावीत. नंदुरबारची यादी आणि सिंधुदुर्गाची यादी वेगळी निघाली तर लेखापरीक्षकाला उत्तर देता येईल. ग्रंथालयांना मात्र निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक नोंदीतून काढून टाकण्याचा, नियम बदलून घ्यावा लागेल. चावलेलं, फाटलेलं, लाळेने फुगलेलं बाळाचं पुस्तक गहाळ-खराब या रकान्यात धरलं आणि ग्रंथपालाकडून त्याचा खुलासा मागवला, तर कुठलाही शहाणा ग्रंथपाल ती पुस्तकं कपाटाला कुलूप लावून ठेवेल.